शेरेबहाद्दर

सार्वजनिक वाचनालयाच्या मुक्तद्वार विभागात वर्तमानपत्रं उभ्यानं वाचायची असतात. तिरप्या लाकडी फळीवर अंक पसरलेला असतो, मधोमध लोखंडी पट्टी आवळलेली असते आणि शेजारच्या गृहस्थांचं पान वाचून होईपर्यंत आपण उगाच खोकत थांबायचं असतं. अशा ठिकाणी कुठलं पान लोकांनी मन लावून वाचलंय हे कळायला समास बघावा. राजकारणाच्या पानावर शेरे कमी. असलेच तर एका शब्दाचे, आणि तो शब्द इथं छापण्याजोगा नसतो. अग्रलेखाच्या कडेला कुणीतरी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून ठेवलेले असतात. राशिभविष्यापुढे बरोबर-चुकीच्या खुणा असतात. पण चारही बाजूंचे समास भरून, शीर्षकातल्या अक्षरांच्या पोकळीतही शाई शिरलेली दिसली, की ते पान विज्ञान-तंत्रज्ञानाचं आहे असं खुशाल समजावं.

2019च्या फेब्रुवारीत सॅमसंगनं घडी घालता येणारा फोन जाहीर केला. हा फोन दोन लाख वेळा उघडमीट करून तपासला आहे, असं बातमीत होतं. आमच्या वाचनालयातल्या अंकात त्याखाली निळ्या शाईत कुणीतरी विचारलं होतं, ‘मोडला तर?’ त्याखाली लाल शाईत उत्तर होतं, ‘मोडणारच.’ आणि या दोघांच्या खाली हिरव्या शाईत, निवृत्त राजपत्रित अधिकाऱ्याच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ‘वाचनालयाच्या अंकावर लिहिणे हा दंडनीय अपराध आहे.’ खाली लांबलचक सही आणि तारीख.

पुढं एप्रिलमध्ये परीक्षणासाठी पत्रकारांच्या हाती दिलेल्या फोनांपैकी काहींचे पडदे दोन-चार दिवसांतच बिघडले आणि कंपनीला विक्री थेट सप्टेंबरपर्यंत लांबवावी लागली. लाल शाईवाल्यानं तो फोन आयुष्यात पाहिलेला नव्हता. त्यानं घडीच्या खुर्च्या, घडीच्या छत्र्या आणि घडीचा पलंग पाहिला होता. तेवढं त्याला पुरलं.

या जातीच्या वाचकाला सभ्य समाजात ‘नकारात्मक’ म्हणतात. मला मात्र त्याच्याविषयी आस्था आहे. तंत्रज्ञानाची बातमी बहुधा कंपनीच्या पत्रकावरूनच बेतलेली असते. तिच्यात सगळी क्रियापदं भविष्यकाळी: क्रांती घडेल, जीवनमान उंचावेल, कष्ट वाचतील, चुटकीसरशी होईल. वाचक बिचारा वर्तमानकाळात राहतो. नळाला पाणी किती वाजता येतं, लाइट कधी जाते आणि रिक्षावाला कुठं यायला नाही म्हणतो, हे त्याला पाठ असतं. नवं यंत्र कसं चालतं ते त्याला ठाऊक नसतं, पण ज्या घरात, ज्या रस्त्यावर, ज्या वायरिंगवर ते चालवायचं आहे त्याची खडान्‌खडा माहिती फक्त त्यालाच असते.

माझ्या मावशीचं उदाहरण देतो. फरशी आपोआप झाडणाऱ्या यंत्राची बातमी तिनं चष्मा पुसून दोनदा वाचली. मग म्हणाली, “उंबऱ्यावरून जातं का रे ते?”

मी म्हटलं, “मावशी, बातमीत तसं काही लिहिलेलं नाही.”

“आणि मी खाली भाजी निवडायला बसले असेन तर? मला वळसा घालेल की पालक ओढून नेईल?”

तेही बातमीत नव्हतं. यंत्रात कॅमेरा आहे, लेझर आहे, ते घराचा नकाशा तयार करतं, हे सगळं होतं. पण मराठी घरात दर खोलीला उंबरा असतो, हे त्या नकाशा काढणाऱ्यांना कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. मावशीनं पान मिटलं आणि त्यावर शेंगा सोलायला घेतल्या. मुद्रित माध्यमाचा असा उपयोग अजून कुठल्याही नव्या उपकरणाला साधलेला नाही.

आता सगळेच शेरे एवढे मुद्द्याचे असतात असं म्हणून मी वाचकाला हरभऱ्याच्या झाडावर चढवणार नाही. बहुतेकांचा बातमीशी काडीचाही संबंध नसतो. संपादकांना येणाऱ्या पत्राचा एक ठरलेला घाट आहे. ‘आपल्या लोकप्रिय दैनिकातील अमुक वृत्त वाचून आनंद झाला. परंतु...’ आनंद एका वाक्यात उरकतो. ‘परंतु’चा संसार पुढं दोन पानं चालतो. बातमी कृत्रिम उपग्रहाची असो की कृत्रिम गुडघ्याची, परंतुनंतर गाडी हमखास खड्ड्यांवर येते. 23 ऑगस्ट 2023ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं. देश टाळ्या वाजवत होता, तेव्हाच ठिकठिकाणच्या शेरेबहाद्दरांनी चंद्रावरच्या खड्ड्यांची आपल्या नगरपालिकेच्या खड्ड्यांशी तुलना पूर्ण केलेली होती. विनोद नवा नव्हता. 2019मध्येच बेंगळुरूच्या एका कलाकारानं अंतराळवीराचा पोशाख करून खड्ड्यांच्या रस्त्यावरून चंद्रावर चालल्यासारखी पावलं टाकली होती आणि ती चित्रफीत देशभर फिरली होती. पण विनोद जुना झाला म्हणून तो करायचा थांबायचं असतं, हे कुणी सांगितलं? खड्डे तरी कुठं थांबलेत?

खर्चाचा हिशेब हा दुसरा छंद. मंगळयानाला सुमारे 450 कोटी लागले, आणि मंगळाचा प्रवास किलोमीटरमागे रिक्षापेक्षा स्वस्त पडला, असं खुद्द पंतप्रधानांनी सांगितलं. झालं! ज्यांचं आयुष्य रिक्षा थांबवण्यात गेलं त्यांच्या हाती आयतं कोलीत मिळालं. ‘रिक्षावाला मंगळावर येणारच नाही, परतीचं भाडं मिळत नाही म्हणेल’ हा शेरा मी माझ्या डोळ्यांनी वाचलेला आहे. तो लिहिणाऱ्याला मी शोधतोय.

त्याच मंगळयानावर 2014च्या सप्टेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं एक व्यंगचित्र छापलं होतं. बड्या देशांचा अवकाश-क्लब, आत सुटाबुटातले साहेब आणि बाहेर गाय घेऊन दार ठोठावणारा पगडीवाला भारतीय शेतकरी. वाचकांनी पत्रांचा असा भडिमार केला की त्या वृत्तपत्राच्या संपादकांना माफी मागावी लागली. जे वाचक घरच्या पानावर ‘आधी खड्डे बुजवा’ लिहीत होते, त्यांतल्या पुष्कळांनी त्या आठवड्यात परदेशी संपादकाला खडसावलं असणार. यात विसंगती आहे असं मला वाटत नाही. आपल्या यानाला नावं ठेवायचा हक्क आपला असतो. पाहुण्यानं तोंड उघडू नये. घरच्या आमटीला खारट म्हणायचा अधिकार फक्त घरच्यांना असतो, तसंच आहे हे.

एका गटाला मात्र नवं काही शोधलं गेलंय हेच मान्य नसतं. विमान? पुष्पक. दूरदर्शन? संजय. प्लास्टिक सर्जरी? ते तर सांगायलाच नको. या मंडळींचं आवडतं ठिकाण गिरगाव चौपाटी. शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895मध्ये तिथं विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, अशी ती कथा. तळपदे खरे, त्यांची धडपडही खरी, पण उड्डाणाचा विश्वासार्ह पुरावा अजून कुणाला दाखवता आलेला नाही. प्राचीन म्हणून सांगितल्या जाणाऱ्या ‘वैमानिक शास्त्रा’तली विमानं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974मध्ये तपासली आणि ती उडूच शकत नाहीत असा निर्वाळा दिला. त्यानं काय होतं? 2015च्या जानेवारीत मुंबईतल्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर पुन्हा निबंध वाचला गेलाच. या गटाशी वाद घालू नये. त्यांना बातमीतलं काहीच नको असतं. मानपत्र हवं असतं, तेही मागच्या तारखेचं.

हा सगळा खटाटोप नवा आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यानं पॅरिसला जावं. 14 फेब्रुवारी 1887ला तिथल्या ‘ल ताँ’ या दैनिकात आयफेल टॉवरच्या विरोधात एक निवेदन छापून आलं. सह्या करणाऱ्यांत कथाकार मोपासाँ, संगीतकार गुनो आणि पॅरिसचं ऑपेरागृह बांधणारे गार्निए. मनोरा तेव्हा जमिनीतून धड वरही आलेला नव्हता. तरीही तो कारखान्याच्या काळ्या धुराड्यासारखा दिसेल आणि शहराची अब्रू जाईल, यावर या मंडळींचं एकमत झालेलं होतं. बांधकाम होण्याआधीच मत झालेलं असणं हे मला फार ओळखीचं वाटतं. वीस वर्षांनी मनोरा उतरवायचा असं ठरलं होतं. पण त्याच्या टोकावरून बिनतारी संदेश पाठवता येतात हे लक्षात आलं आणि तो राहिला. निवेदनाला कुणी उत्तर देऊन हरवलं नाही. मनोऱ्याला काम मिळालं, एवढंच. मोपासाँ पुढं टॉवरवरच्याच उपाहारगृहात जेवायला जात, कारण पॅरिसमध्ये टॉवर न दिसणारी तेवढी एकच जागा होती, असं म्हणतात. खरं असो वा नसो, माणूस आपल्यातला होता.

आपल्याकडे तर गद्याचाच पाया अशा पत्रांवर घातला गेलाय. गोपाळ हरी देशमुखांनी 1848पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये ‘लोकहितवादी’ या टोपणनावानं पत्रं लिहिली, तीच शतपत्रं. नावात शत, मोजली तर 108. पुढं 16 एप्रिल 1853ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली, तेव्हा बैल नाही, घोडा नाही आणि गाडी पळते म्हटल्यावर कुणी तिला देव मानलं, कुणी भूत मानलं आणि पुलांना नरबळी लागतो अशा वावड्या उठवल्या. त्या काळी वाचनालयातल्या फळ्या नव्हत्या म्हणून. नाहीतर ‘ठाण्याला एवढ्या लवकर पोचून करायचं काय?’ हा शेरा तिथं नक्की सापडला असता.

वावड्यांवरून आठवलं. 2016च्या नोव्हेंबरात दोन हजारांची नवी नोट आली आणि तिच्यात चिप बसवलीय, नोट जमिनीखाली 120 मीटरवर पुरली तरी तिचा पत्ता लागतो, असं वृत्तवाहिन्यांवर सुटाबुटातली माणसं गंभीर चेहऱ्यानं सांगू लागली. आमच्या इमारतीतले एक काका वीजखात्यातून निवृत्त झालेले. ते लिफ्टमध्ये मला म्हणाले, “अहो, मला बाथरूममध्ये मोबाइलची रेंज येत नाही आणि नोटेला जमिनीखाली 120 मीटरवर येते होय? कंपनी कुठली म्हणायची?” काकांनी भौतिकशास्त्राचं पुस्तक मॅट्रिकनंतर उघडलेलं नाही. तरी त्या आठवड्यात वाहिन्यांवरच्या तज्ज्ञांपेक्षा ते विज्ञानाच्या जास्त जवळ होते. चिप नाही हे नंतर अधिकृतपणे सांगावं लागलं.

आता शेरेबहाद्दर सपशेल आपटतो तोही प्रसंग सांगायला हवा, आणि तो नॅनोचा. 10 जानेवारी 2008ला दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात रतन टाटांनी लाखाची गाडी आणली. मागं 624 सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, समोर एकच वायपर, चाकाला चारऐवजी तीनच नट. एवढं सगळं वाचून लोकांनी काय म्हणावं? ‘पार्किंग कुठं करणार?’ घरातला प्रत्येक जण गाडी घेईल, शहरं गुदमरतील, लोक रस्त्यातच म्हातारे होतील. पर्यावरणवाले धास्तावले, वाहतूक तज्ज्ञांनी डोक्याला हात लावला. गाडी फार खपेल, ही तक्रार होती! जिच्यावर यशाचाच आरोप ठेवला गेला अशी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. आणि झालं काय? सिंगूर सोडून साणंदला गेलेला तो कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्या काढण्यासाठी उभारलेला होता. तेवढ्या कधी लागल्याच नाहीत. 2018मध्ये उत्पादन थांबलं. स्वस्त गाडी सगळ्यांना हवी होती, ‘सगळ्यात स्वस्त गाडीवाला’ मात्र कुणालाच व्हायचं नव्हतं. सर्वांत स्वस्त म्हणून तिची ओळख झाली हे चुकलं, असं पुढं खुद्द टाटांनीच कबूल केलं.

मला यातली मौज अशी वाटते, की हे एका तरी वाचकाला आधी सुचायला हवं होतं. ज्या समाजात साडीची किंमत विचारल्यावर बायका ती वाढवून सांगतात आणि नवरे कमी करून सांगतात, त्या समाजाला फुकट माहीत असलेली ही गोष्ट. पण शेजाऱ्यासमोर आपल्याला कसं वाटेल याविषयी माणूस समासात लिहीत नाही. तिथं तो देशाची काळजी वाहतो.

बँकांत संगणक येणार म्हटल्यावर 1980च्या दशकात जे मोर्चे निघाले आणि जी पत्रं छापून आली, त्यांचंही थोडंफार असंच झालं. यंत्र माणसाची नोकरी खाणार, अशी भीती होती. 1987मध्ये एचएसबीसीनं मुंबईत देशातलं पहिलं एटीएम बसवलं तेव्हा ती दुणावली. प्रत्यक्षात खिडकीमागं बराच काळ संगणकही राहिला आणि कारकूनही. दोघांनी मिळून ‘सिस्टिम बंद आहे, उद्या या’ हे वाक्य तेवढं रूढ केलं. हे भाकीत मात्र एकाही पत्रात नव्हतं.

आणि तरीही, ज्या दिवशी वाचक आपल्या घरातल्या भिंतीकडे बघून बोलतो त्या दिवशी त्याला तोड नसते. 2024मध्ये महाराष्ट्रात विजेचे स्मार्ट प्रीपेड मीटर घरोघरी बसणार अशा बातम्या आल्या. अचूक नोंद, पारदर्शकता, मोबाइलवर वापर दिसणार, अशी गुणांची मोठी यादी होती. वाचकांनी ती यादी बाजूला ठेवली आणि एकच विचारलं: मध्यरात्री पैसे संपले तर काय? घरात आजारी माणूस असेल तर? म्हातारीला मोबाइलवरून पैसे भरता येत नसतील तर? ठिकठिकाणी विरोध झाला आणि त्याच वर्षी जूनमध्ये सर्वसामान्य ग्राहकांना हे प्रीपेड मीटर लावणार नाही, असं सरकारला जाहीर करावं लागलं. कुठल्या तज्ज्ञ समितीनं हे प्रश्न आधी विचारले असतील तर ते निदान बातमीत तरी आलेले नव्हते.

हल्ली मात्र या व्यवसायावर नवं संकट आलंय. 2022च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं तेव्हा पहिले शेरे ठरलेलेच होते. ‘मराठी येतं का त्याला?’ ‘नोकऱ्या जाणार.’ ‘महाभारतात होतंच.’ पण नंतर शेरेबहाद्दरांपैकी काहींनी आपली पत्रंच त्या यंत्राकडून लिहून घ्यायला सुरुवात केलीय, असा मला दाट संशय आहे. वर्तमानपत्रात वाचकांची पत्रं वाचताना एखादं असं भेटतं, की अंगावर काटा येतो. शुद्धलेखन बिनचूक. पहिल्या परिच्छेदात फायदे, दुसऱ्यात तोटे, तिसऱ्यात समतोल. कुणावर राग नाही, कुणाचा उद्धार नाही, ‘परंतु’ एकच आणि तोही योग्य जागी. खाली नाव सदाशिव पेठेतलं. छे! सदाशिव पेठेतला माणूस दोन्ही बाजू समजून घेतो, यावर माझा विश्वास बसत नाही. मत एकांगी असणं ही माणूस असल्याची आजघडीची सर्वांत भरवशाची खूण आहे, आणि ती तरी यंत्राच्या हाती देऊ नये.

तेव्हा संपादक महोदयांना एक विनंती. तंत्रज्ञानाची बातमी छापताना खाली चार ओळींची एक चौकट राखून ठेवा. किंमत किती, आपल्या गावात मिळतं का, वीज किंवा नेट गेलं तर काय होतं आणि बिघडलं तर दुरुस्त कोण करतं. जमल्यास उंबऱ्यावरून जातं का, तेही टाका. एवढं केलंत तर येणारी निम्मी पत्रं आपोआप थांबतील. उरलेली निम्मी येतच राहतील, कारण ती पुष्पक विमानाची असतात. तीही छापत जा, पण रविवारी.